हवालदाराची वंशावळ

काही दिवसांपूर्वी जालन्यात एका व्याख्यानाला आम्ही उपस्थित होतो. विषय 'आपली भाषा, आपली अस्मिता' असा, म्हणजे काहीही बोलण्यास मोकळीक देणारा होता. वक्त्यांनी ती पुरेपूर घेतली. हवालदार, सुभेदार, जमादार ही सैन्यातील पदनामे म्हणजे आपल्या गुलामगिरीची उरलेली खूण असून ती पुसून टाकल्याखेरीज आपण मनाने स्वतंत्र होणार नाही, असे त्यांनी ठासून सांगितले. लगोलग, जी पदनामे त्यांना प्रिय होती त्यांना त्यांनी संस्कृतची जन्मपत्रिकाही बहाल केली. 'सरदार' म्हणजे म्हणे 'शरधर', बाण धारण करणारा. 'दर्यासारंग'मधला 'सारंग' तर उघडच संस्कृत. टाळ्या झाल्या. आभारप्रदर्शन होण्याआधी पुढच्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ उभे राहिले. ते सैन्यातून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालेले होते. त्यांनी एवढेच विचारले, "साहेब, मग आम्ही सव्वीस वर्षं कोण होतो?" वक्त्यांनी हात जोडले, मंद हसले आणि सत्काराचा नारळ स्वीकारला.

त्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच. आमचा आक्षेप दुहेरी आहे. वक्त्यांनी सांगितलेली व्युत्पत्ती चूक होती, हा पहिला आणि लहान आक्षेप. व्युत्पत्ती बरोबर असती तरी तिच्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष चूकच ठरला असता, हा दुसरा आणि मोठा.

लहान आक्षेप आधी निकालात काढू. 'सरदार' हा शब्द सरळ फारसी आहे: 'सर' म्हणजे डोके, 'दार' म्हणजे धारण करणारा. 'सरनोबत' यातही तेच 'सर', आणि 'नौबत' म्हणजे पहाऱ्याची पाळी. 'हवालदार' यात अरबी 'हवाला' आहे, म्हणजे सोपवणे. ज्याच्यावर काही सोपवले आहे तो हवालदार. एखादी वस्तू आपण दुसऱ्याच्या 'हवाली' करतो तेव्हा हाच शब्द उच्चारतो. 'जमादार' यात अरबी 'जमा' आहे. त्याचा 'जामदार' या आडनावाशी संबंध नाही, कारण जामदार हा 'जामा' म्हणजे वस्त्र सांभाळणारा. 'शिलेदार' यातला 'शिले' म्हणजे अरबी 'सिलाह', शस्त्र. 'शिपाई' हा फारसी 'सिपाह' म्हणजे फौज या शब्दापासून झालेला. आणि ज्या 'हुद्द्यां'विषयी आपण बोलत आहोत, तो 'हुद्दा' हा शब्दसुद्धा अरबी 'उहदा'चे मराठी रूप आहे. गुलामगिरीची खूण पुसण्याचा हुद्दा ज्यांनी स्वतःकडे घेतला, त्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावयास हवे होते.

राहिला 'दर्यासारंग'. 'दर्या' फारसी आहे हे वक्त्यांनाही मान्य असावे. 'सारंग' म्हणजे हरिण, मोर किंवा धनुष्य अशा अर्थांचा संस्कृत शब्द आहे हे खरे. पण आरमाराच्या अधिकाऱ्याचा मोराशी काय संबंध, हे कोणी विचारीत नाही. हा 'सारंग' फारसी 'सरहंग', म्हणजे फौजेचा नायक, या शब्दापासून आलेला आहे. इराणच्या सैन्यात कर्नलच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला आजही 'सरहंग' म्हणतात. हाच शब्द बंदरांतून फिरत फिरत जहाजावरच्या खलाशांच्या मुकादमापर्यंत उतरला आणि इंग्रजांच्या कागदांत 'सेरांग' झाला. एकच शब्द एका देशात कर्नल, दुसऱ्यात आरमाराचा अधिकारी आणि तिसऱ्या ठिकाणी खलाशांचा मुकादम. शब्दाचा दर्जा त्याच्या जन्मात नसतो, नेमणुकीत असतो, हे याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

येथे कोणी चतुर वाचक म्हणेल, की फारसी 'सर' आणि संस्कृत 'शिरस्', फारसी 'दार' आणि संस्कृत 'धर', फारसी 'हजार' आणि संस्कृत 'सहस्र' ही एकाच मुळाची रूपे आहेत; तेव्हा सरदार शेवटी आपलाच! भाषाशास्त्र हे नाते मान्य करते. पण ते भावंडांचे नाते आहे, बापलेकांचे नव्हे. चुलतभावाला आपला मुलगा म्हणून मिरवणे हे प्रेमाचे लक्षण नसून मालमत्तेवर डोळा असल्याचे लक्षण आहे. 'सरदार' आमच्याकडे फारसीतून आला, मराठी झाला आणि राहिला. त्याला घरात ठेवून घेण्यासाठी खोटा जन्मदाखला काढण्याची गरज नाही.

आता मोठा आक्षेप. शुद्धीच्या बाजूने नेहमी शिवाजी महाराजांचा दाखला दिला जातो, आणि तो योग्यच आहे. फक्त तो पुरा दिला जात नाही. १६७४च्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांची पदनामे संस्कृत झाली. पेशवा मुख्य प्रधान झाला, मुजुमदार अमात्य झाला, वाकनीस मंत्री, सुरनीस सचिव, डबीर सुमंत आणि सरनोबत सेनापती झाला. पुढे रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला आणि कारभारातल्या यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. सार्वभौम राज्याची घोषणा करताना दरबाराची भाषा आपली असावी, ही दृष्टी थोर होती. आज जगभरच्या नव्या राष्ट्रांना जे सुचते ते या पुरुषाला साडेतीनशे वर्षांपूर्वी सुचले.

पण सैन्यात काय घडले ते पाहा. घोडदळाची जी रचना सभासदाने बखरीत सांगितली आहे, तीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी आणि पाच हजाऱ्यांवर एक पंचहजारी आहे. सगळ्यांच्या वर सरनोबत, म्हणजे अभिषेकानंतरचा सेनापती. शिखरावरचा शब्द संस्कृत झाला. बारगीर, हवालदार, जुमलेदार, हजारी होते तसेच राहिले. १६७९च्या नोव्हेंबरात महाराजांची फौज आमच्या जालन्यावर चालून आली, तेव्हा राज्याभिषेकाला पाच वर्षे उलटून गेली होती. परतीच्या वाटेवर संगमनेरजवळ मोगलांशी झालेल्या लढाईत सिधोजी निंबाळकर पडले. त्यांचा उल्लेख इतिहासात 'पंचहजारी' असाच येतो. त्या दिवशी सिधोजींची निष्ठा त्यांच्या हुद्द्याच्या व्युत्पत्तीत शोधण्याची बुद्धी कोणाला झाली नाही.

आणि बदललेली नावे तरी किती टिकली? पेशव्यांच्या मुद्रेत 'मुख्य प्रधान' असे कोरलेले असे. लोकांच्या जिभेवर मात्र 'पेशवा'च राहिला, आणि आज शंभर वर्षांच्या कालखंडाला आपण 'पेशवाई' म्हणतो, 'प्रधानाई' म्हणत नाही. १७३१ साली डभईच्या लढाईत सेनापती त्र्यंबकराव दाभाडे पेशवा बाजीरावाच्या फौजेशी लढताना मारले गेले. शुद्ध संस्कृत पदनाम धारण करणारा पडला आणि ज्याला लोक फारसी नावाने हाक मारीत तो उरला; त्यानंतर सेनापतिपद जवळजवळ नावापुरतेच राहिले. यावरून फारसी श्रेष्ठ असा निष्कर्ष काढणारा जितका हास्यास्पद ठरेल, तितकाच उलट निष्कर्ष काढणाराही.

जालना जिल्ह्यातच, भोकरदनच्या बाजूला, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेची आणि आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेची लढाई झाली. इंग्रज जिंकले, पण त्यांची दीड हजारांवर माणसे मेली अथवा जखमी झाली. आम्ही त्या लढाईकडे एका वेगळ्या कारणासाठी पाहतो. शिंद्यांच्या बाजूला कवायती कंपू होते. त्यांचा मुख्य पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन, आणि 'कंपू' हा शब्द पोर्तुगीज. त्या पलटणींतील देशी अधिकाऱ्यांचे हुद्दे होते सुभेदार, जमादार, हवालदार, नाईक. समोर वेलस्लीकडे मद्रासच्या देशी पलटणी होत्या. त्यांतील देशी अधिकाऱ्यांचे हुद्दे? सुभेदार, जमादार, हवालदार, नाईक. त्या दुपारी जुईच्या काठी हवालदारावर हवालदार चालून गेला आणि नाईकाने नाईकाला संगीन मारली. शब्द दोन्हीकडे तेच होते. स्वराज्य आणि पारतंत्र्य यांची सीमारेषा शब्दांच्या मधून गेलेली नव्हती. ती हुकूम कोणाचा आणि पगार कोणाचा यावरून ठरत होती. ज्यांना गुलामगिरीची खूण शोधावयाची आहे त्यांनी ती तेथे शोधावी.

या चार शब्दांतला 'नाईक' तेवढा अस्सल संस्कृत आहे: 'नायक', पुढे नेणारा. आजच्या भारतीय सैन्यात त्याचे स्थान कोठे आहे? हवालदाराच्या खाली. संस्कृत नायक रोज अरबी-फारसी हवालदाराला सलाम करतो. व्युत्पत्तीने हुद्दा ठरत असता तर हा अनाचार एव्हाना कोणी थांबवला असता! दुसरीकडे 'सुभेदार' कोठून कोठे आला ते पाहावे. मोगलांचा सुभेदार हा एका अख्ख्या सुभ्याचा, म्हणजे प्रांताचा अधिपती. आपल्याकडे मल्हारराव होळकर सुभेदार म्हणवले गेले, ते माळव्याचे धनी होते. कंपनीच्या फौजेत तोच शब्द देशी शिपायाला गाठता येणाऱ्या शेवटच्या पायऱ्यांपैकी एक झाला. त्याच्यावर कालचा गोरा पोरगाही हुकूम चालवू शके. शब्द तोच राहिला, त्याची पत मात्र सत्तेने ठरवली.

'जमादारा'ची कथा तर याहून बोलकी आहे. उत्तरेत हा शब्द झाडूवाल्यासाठी रूढ झाला आणि सैन्यातील अधिकाऱ्याला तो लाजिरवाणा वाटू लागला. १९६५ साली स्वतंत्र भारताच्या सैन्याने ते पदनाम बदलले. काय ठेवले? 'नायब सुभेदार'. नायब अरबी, सुभेदार अरबी-फारसी. सैन्याला शब्दाच्या धर्माशी काही कर्तव्य नव्हते, त्याच्या प्रतिष्ठेशी होते. मात्र त्या प्रतिष्ठेचे माप कोणते होते, हा प्रश्नही आम्ही सोडू इच्छीत नाही. झाडू मारणाऱ्या हातात गेल्यामुळे शब्द बाटला, हा विचार ज्या समाजाला इतका सहज सुचतो, त्याच समाजाला परकीय तोंडातून आल्यामुळे शब्द बाटला, हाही विचार सुचतो. दोन्हींचा उगम एकच आहे. जन्मावरून आणि स्पर्शावरून माणसांची पत ठरवण्याची सवय लागलेल्यांनी शब्दांनाही जाती लावल्या.

म्हणूनच आम्ही येथे आणखी एका सुभेदाराचे नाव घेतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी मालोजी सकपाळ हे ब्रिटिशांच्या सैन्यात सुभेदार होते. ज्या समाजाला गावात जोहाराखेरीज अभिवादन नव्हते आणि सावलीलाही मज्जाव होता, त्या समाजातल्या माणसाच्या नावामागे लागलेले 'सुभेदार' हे पद काय मोलाचे होते, हे सांगण्यास कोशाची गरज नाही. सैन्यातूनच निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिले. आणि पुढे सैन्यभरतीचे दार महारांना बंद झाले तेव्हा ते पुन्हा उघडावे म्हणून अर्ज लिहिणाऱ्यांतही ते होते. हवालदार, सुभेदार होण्याचा हक्क ही त्यांची मागणी होती. या माणसांना कोणी व्यासपीठावरून सांगावे, की तुमचे पद ही गुलामगिरीची खूण आहे? गुलामगिरी कशाला म्हणतात ते त्यांना वक्त्यांपेक्षा अधिक ठाऊक होते.

बाहेरचे एक उदाहरण देतो, कारण हा रोग केवळ आमचा नाही आणि त्याचा उतारही अन्यत्र सापडतो. चेक भाषेत 'हेय्त्मान' असा एक शब्द आहे. आमच्या ध्वनिसाम्यवादी पंडितांच्या हाती तो लागता तर त्यांनी 'हेय आत्मा' असा त्याचा विग्रह करून टाकला असता! वस्तुतः तो जर्मन 'हाउप्टमान'पासून आला आहे: 'हाउप्ट' म्हणजे डोके, 'मान' म्हणजे माणूस. डोक्याचा माणूस, म्हणजे आपला सरदारच. लॅटिन 'कापुत' हे त्याच 'हाउप्ट'चे भावंड. त्यापासून 'कॅप्टन' झाला आणि पोर्तुगिजांबरोबर येऊन आमचा 'कप्तान' झाला. तोच जर्मन शब्द पोलंडमध्ये आणि युक्रेनच्या कोसॅकांत 'हेत्मान' झाला. १६४८मध्ये पोलंडविरुद्ध उठलेला ख्मेल्नित्स्की हा कोसॅकांचा हेत्मानच होता.

चेकांचा सर्वांत मोठा सेनानी यान झिझ्का. १४२० साली ताबोरच्या हुसपंथीयांनी निवडलेल्या चार हेय्त्मानांपैकी तो एक. सम्राट झिगिस्मुंडाच्या धर्मयोद्ध्यांना त्याने हरवले. त्या फौजांत जर्मनांचा मोठा भरणा होता. म्हणजे जर्मनांशी लढणाऱ्याचा हुद्दा जर्मन. पुढे ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात जिल्ह्यावर बसणारा सरकारी अधिकारीही हेय्त्मानच म्हणवला गेला. एकोणिसाव्या शतकात चेकांनी आपल्या भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी जर्मनच्या वर्चस्वाशी कडवा झगडा दिला. या सगळ्यानंतर २००० साली स्वतंत्र चेक प्रजासत्ताकाने आपले प्रांत नव्याने उभारले, तेव्हा प्रांताच्या निर्वाचित प्रमुखाला त्यांनी कायद्याने कोणते नाव दिले? हेय्त्मान. त्यांना त्या शब्दाचा जर्मन जन्म ठाऊक नव्हता असे नाही. त्यांना त्यात झिझ्का ऐकू येत होता. शब्द कोठून आला यापेक्षा तो कोणी वाहिला, हे त्यांनी मोठे मानले.

आमच्याकडेही असा प्रसंग आला आहे. ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदलदिनाच्या निमित्ताने, सिंधुदुर्गात पंतप्रधानांनी जाहीर केले की नौदलातील हुद्द्यांना भारतीय परंपरेला साजेशी नावे देण्यात येतील. आमचा त्या कल्पनेला विरोध नाही. इंग्रजी नावांना देशी पर्याय शोधण्यात गैर काही नाही. 'महापौर' सावरकरांनी दिला आणि तो आपण आनंदाने वापरतो, तसेच 'पंतप्रधान'ही. पण परंपरा म्हणजे काय ते नीट पाहावे. मराठी आरमाराचा सर्वांत तेजस्वी पुरुष कान्होजी आंग्रे, आणि त्याचे पद 'सरखेल'. 'खैल' हा अरबी शब्द, अर्थ घोडे, घोडेस्वारांचा जथा. दिल्लीच्या सुलतानांच्या सैन्यात सरखेल हा दहा स्वारांचा नायक होता. तोच शब्द कोकणच्या किनाऱ्यावर समुद्राचा अधिपती झाला. इंग्रज आणि पोर्तुगीज त्याला वचकून असत. आता व्युत्पत्तीची चाळणी लावली तर कान्होजीचा सरखेल गळून पडतो आणि मायनाक भंडाऱ्याच्या जोडीने शिवाजी महाराजांचे आरमार चालवणारा दर्यासारंगही गळतो. मग परंपरा म्हणून उरते काय? गंमत अशी, की ज्या 'ॲडमिरल'ला हटवावयाचे तोही मुळात अरबी 'अमीर'च आहे. युरोपात जाऊन आल्यामुळे तो इंग्रज वाटतो इतकेच.

आमच्या मते या शुद्धीच्या उत्साहातील खरी खोच तिच्या मर्यादेत आहे. ती नेहमी वरच्या मजल्यावर घडते. १६७४ला सरनोबताचा सेनापती झाला, हवालदाराला कोणी हात लावला नाही. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६२ साली 'पदनाम कोश' निघाला. अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हटले तरी त्यातली पुष्कळ नावे रुळली. पोलीस खात्यात महासंचालक, अधीक्षक, उपनिरीक्षक आले. खाली शिपाई आणि हवालदार होते तेथेच उभे आहेत. संस्कृत नाव हा वरिष्ठांचा अलंकार आणि फारसी नाव हा कनिष्ठांचा गणवेश, अशी ही वाटणी आहे. आणि मग त्याच कनिष्ठाला सांगावयाचे, की तुझे नाव परके आहे.

आम्ही मराठवाड्याची माणसे. निजामाच्या राज्यात आमची शाळा आणि कचेरी उर्दूत चालली, तेव्हा एखादी भाषा वरून लादली जाणे म्हणजे काय, हे आमच्या आजोबांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. ते त्या सत्तेविरुद्ध लढले आणि १९४८ साली मुक्त झाले. मुक्त झाल्यावर त्यांनी बोलण्यातले फारसी-उर्दू शब्द हुसकले नाहीत. सत्ता गेली, शब्द आपले होते ते राहिले. हा त्यांचा गाफीलपणा नव्हता. लादणारी सत्ता आणि रुजलेला शब्द यांत फरक करण्याचा शहाणपणा होता.

व्याख्यानातल्या त्या वृद्ध गृहस्थांना आमचे उत्तर असे. हवालदार म्हणजे ज्याच्यावर काही सोपवले आहे तो. नायब म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभा राहणारा. आपल्यावर सव्वीस वर्षे काही सोपवलेले होते आणि आपण कोणाच्या तरी जागी उभे होतात. आपण नायब सुभेदार होतात आणि आहात. शब्द अरबी-फारसीतून आला, हुद्दा आपण कमावलेला आहे. आणि तो आपल्याला व्यासपीठावरून कोणी दिलेला नसल्यामुळे व्यासपीठावरून कोणाला काढूनही घेता येणार नाही.